वेळ घेतली, पण गिऱ्हाईक आले नाही
(संस्थेच्या व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मी व्याख्याता नाही. चिपळूणच्या बाजारात माझे तीन खुर्च्यांचे सलून आहे आणि माझी सारी विद्या त्या तीन खुर्च्यांभोवती फिरलेली आहे. चिटणीस साहेबांनी मला बोलावले तेव्हा मी म्हणालो, "मुलांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काय आहे?" ते म्हणाले, "तुमच्या धंद्यातली एक अडचण सांगा आणि ती तुम्ही कशी सोडवली ते सांगा." अडचण एक नाही, पुष्कळ आहेत. परंतु ज्या अडचणीने माझा एक चांगला कारागीर गेला आणि एक जुने गिऱ्हाईक माझ्यापासून तुटले, ती आज सांगतो. दिसायला ती लहान आहे. माणूस सलूनमध्ये वेळ घेऊन ठेवतो आणि त्या वेळेला येत नाही, एवढीच.

माझ्या वडिलांच्या दुकानात ही अडचण नव्हती, कारण तेथे वेळ घेण्याची पद्धतच नव्हती. भिंतीला लागून एक बाकडे होते. जो येईल त्याने बाकड्यावर बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे, गावच्या गप्पा करायच्या आणि आपला नंबर आला की खुर्चीवर बसायचे. कोणी कंटाळून उठून गेला तर मागचा माणूस पुढे सरकत असे. त्याही आधी, बलुतेदारीच्या काळात, न्हावी स्वतः घरोघर जात असे आणि सुगीला धान्य घेत असे. तेव्हा गिऱ्हाईक घरीच असे, ते चुकणार कोठे?

वेळ देण्याची पद्धत आमच्याकडे आली ती २०२० साली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमची दुकाने बंद झाली. तीन महिने वस्तऱ्याला हात नाही. मग २८ जूनपासून सरकारने सलून उघडण्यास परवानगी दिली, पण अट अशी की आधी वेळ ठरवून आलेल्यालाच घ्यायचे. दाढीला तेव्हा परवानगी नव्हती, केस कापायला होती. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची, टॉवेल एकदाच वापरून टाकायचा. बाकडे उचलून मी माडीवर ठेवले आणि शंभर पानी वही आणून तिच्यात तास आखले. माझ्या धंद्यातली ती पहिली वही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने कोणी चुकले नाही. लोकांचे केस मानेखाली आले होते, वेळ मिळाली हेच त्यांना भाग्य वाटे. पुढे भीती ओसरली, निर्बंध सैल झाले, दाढीही सुरू झाली. परंतु वेळ घेण्याची सवय गिऱ्हाइकांना आवडली होती. बाकड्यावर तासभर बसावे लागत नाही, फोन करून यायचे, हे कोणाला आवडणार नाही? मलाही वाटले की आपले दुकान शहरातल्या दुकानांसारखे झाले. मग हळूहळू वहीत फुल्या दिसू लागल्या. जो आला नाही त्याच्या नावापुढे मी फुली मारीत असे. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले तेव्हा ती पहिली वही चिखलात गेली. दुकान पुन्हा उभे केले, नवी वही आणली, आणि नव्या वहीत पहिल्यापेक्षा जास्त फुल्या पडू लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस आला नाही तर बिघडले काय? विद्यार्थ्यांसाठी हिशेब करून दाखवतो. भाजीवाल्याची भाजी आज विकली गेली नाही तर तो संध्याकाळी स्वस्तात तरी देतो. कापडवाल्याचे कापड वर्षभर फळीवर राहते. आमचा माल म्हणजे खुर्चीचा वेळ. साडेदहा ते अकरा हा अर्धा तास गेला की तो कोणत्याही भावाने विकता येत नाही. समजा कटिंगचे शंभर रुपये आहेत आणि दिवसाला दोन वेळा फुकट गेल्या. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर बावन्न वेळा गेल्या, म्हणजे ५,२०० रुपये. भाडे, वीज तेवढीच राहते.

पण खरा मार माझ्यावर नव्हता, हे मला फार उशिरा समजले. आमच्या धंद्यात कारागीर बहुधा टक्केवारीवर असतो. माझ्याकडे निम्मे-निम्मे होते. म्हणजे वरच्या हिशेबातले २,६०० रुपये कारागिराच्या खिशातून गेले. वेळ मी दिली, वही माझी, गिऱ्हाईक मला ओळखते, आणि उपाशी बसला तो. माझ्याकडे त्या वेळी एक कारागीर होता, हात इतका हलका की लहान मुलेही त्याच्यासमोर रडत नसत. त्याचीच मागणी जास्त, म्हणून त्याच्याच वेळा सर्वांत आधी भरत आणि फुल्याही त्याच्याच रांगेत जास्त पडत. रविवारी सकाळी दारात उभ्या असलेल्या दोघांना मी "वेळा भरल्या आहेत" म्हणून परत पाठवायचो आणि पंधरा मिनिटांनी तो हात बांधून रिकाम्या खुर्चीजवळ उभा असायचा. तो मला एकदाच म्हणाला, "चाचा, त्या दोघांना का घालवलेत?" मी उत्तर दिले नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर तो पुण्याला गेला. जाताना भांडला नाही. भांडला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी रागावलो आणि रागात माणूस जे करतो तेच केले. आरशाच्या वर पाटी लावली: वेळ घेऊन न आल्यास पुढच्या खेपेस पन्नास रुपये जादा. मला वाटले, आता लोक सरळ होतील.

झाले ते ऐका. एक व्यापारी गृहस्थ दर रविवारची सकाळची वेळ धरून ठेवीत आणि दोनातून एकदा येत. पाटी लागल्यावर ते हसून म्हणाले, "चाचा, पन्नास लावून घ्या, पण माझी साडेनऊची वेळ कोणाला देऊ नका." पूर्वी न आल्यावर ते निदान ओशाळत असत. आता पन्नास रुपये दिले की हिशेब मिटला. ते अधिकच चुकू लागले.

दुसरे गिऱ्हाईक रिक्षावाला होता. त्याचे पहिले जावळ माझ्या वडिलांनी काढले होते आणि त्याच्या मुलाचे मी. एके दिवशी तो वेळ घेऊन आला नाही. त्यानंतर आलाच नाही. दोन-तीन महिन्यांनी एका लग्नात भेटला. केस दुसऱ्या कोणी कापलेले होते, ते आम्हाला लांबूनच कळते. मी विचारले, "अरे, नाराज आहेस का?" तो खाली पाहून म्हणाला, "नाही चाचा. त्या दिवशी रत्नागिरीला पेशंट घेऊन गेलो होतो. तुमचे पन्नास रुपये बाकी आहेत ना, म्हणून..." ज्याला पन्नास रुपये काहीच नव्हते त्याने माझी पाटी विकत घेतली, आणि ज्याला ते जड होते तो गल्ली बदलून जाऊ लागला. मी त्याच संध्याकाळी पाटी काढली. पाटीच्या जागी भिंतीवर चार खिळ्यांची भोके राहिली आहेत, ती मी मुद्दाम बुजवलेली नाहीत.

माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली आहे. ही हकीकत तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, ही गोष्ट तर अभ्यासात आहे." इस्राएलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो २००० साली छापून आला. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत. काही पाळणाघरांनी दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. लोकांना वाटले, उशिराची ही किंमत आहे, दिली की झाले. आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दंड काढून टाकला तरी उशीर पुन्हा पहिल्यासारखा कमी झाला नाही. माझ्याही बाबतीत तेच झाले. पाटी काढल्यावर ते व्यापारी गृहस्थ सुधारले नाहीत, आता ते फुकटात चुकू लागले. गेलेला संकोच परत आणता येत नाही.

मुलीने मला सांगितले की आधी रागावणे बंद करा आणि लिहून काढा. म्हणून मी वहीत आणखी दोन रकाने आखले. एकात, वेळ केव्हा घेतली ते. दुसऱ्यात, जो आला त्याला मी खुर्चीवर खरोखर किती वाजता बसवले ते. हा दुसरा रकाना भरताना मला घाम फुटला. अकराची वेळ दिलेला माणूस अकराला पाच कमी असताना येत होता आणि मी त्याला अकरा पस्तीसला बसवीत होतो! मी सगळ्यांना सरसकट अर्धा-अर्धा तास दिला होता. साधी कटिंग पंचवीस मिनिटांत होते, पण दाढीसकट चाळीस मिनिटे लागतात, कलप लावायचा तर तास जातो, आणि चार वर्षांच्या मुलाचे केस कापायचे म्हणजे निम्मा वेळ त्याच्या आईची समजूत घालण्यात जातो. दुपारपर्यंत वही आणि घड्याळ यांत तासाचे अंतर पडे. ज्याला दोनदा असे बसावे लागले तो तिसऱ्या वेळी मनात म्हणतो, "चाचाची अकराची वेळ म्हणजे पावणेबारा." आणि पावणेबाराला त्याला दुसरे काम निघते. त्याच्या नावापुढे मी फुली मारली खरी, पण त्यातली निम्मी फुली माझी होती.

म्हणून पहिली दुरुस्ती मी स्वतःत केली. काम विचारूनच वेळ द्यायची, कलपाला तास म्हणजे तास, आणि दर चार गिऱ्हाइकांनंतर दहा मिनिटे मोकळी ठेवायची. त्या दहा मिनिटांत चहा होतो किंवा झालेला उशीर भरून निघतो.

पहिल्या रकान्याने दुसरी गोष्ट दाखवली. आठ-दहा दिवस आधी वेळ घेणारे सर्वांत जास्त चुकत होते आणि त्याच दिवशी फोन करणारे जवळजवळ चुकतच नव्हते. हे उघड आहे, पण वहीत दिसेपर्यंत मला उघड नव्हते. पुढच्या बुधवारी आपण कोठे असू हे रिक्षावाल्याला, गवंड्याला, बोटीवरून सुटीवर आलेल्या माणसाला कसे ठाऊक असणार? त्याने दिलेला शब्द खोटा नसतो, त्याच्या हातात नसतो एवढेच. आता मी तीन दिवसांपलीकडची वेळ देत नाही. कोणी मागितली तर सांगतो, "सोमवार सोडून केव्हाही आदल्या दिवशी फोन कर, तुला जागा मिळेल." सोमवारी आमचे दुकान बंद असते.

तिसरी गोष्ट बोलण्याची. फोन ठेवताना मी पूर्वी म्हणायचो, "येणार नसशील तर कळव." समोरचा "हो हो" म्हणायचा. अमेरिकेतले रॉबर्ट चाल्डिनी नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी शिकागो शहरातल्या गॉर्डन सिंक्लेअर या हॉटेलवाल्याची हकीकत लिहिली आहे. त्याच्याकडेही लोक टेबल राखून ठेवीत आणि येत नसत. त्याने फोन घेणाऱ्या बाईला एवढेच सांगितले की सूचना देऊ नका, प्रश्न विचारा, बेत बदलला तर कळवाल का असा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. न येणारे शंभरात तीस होते ते दहावर आले. मीही आता विचारतो, "जमले नाही तर मला फोन करशील ना?" आणि गप्प राहतो. समोरच्याने "करीन चाचा" म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाही. मग त्यालाच वेळ उच्चारायला लावतो, "सांग बघू, किती वाजता?" कित्येकदा मी साडेचार म्हटलेले असते आणि तो साडेपाच म्हणतो. अशा चुका तेथल्या तेथे निघतात. त्याही पूर्वी फुलीतच जात होत्या.

पण कळव म्हणायचे आणि कळवल्यावर रागवायचे, हे चालत नाही. हा माझा मोठा दोष होता. कोणी फोन करून म्हणाला, "चाचा, आज जमत नाही," तर मी चार शब्द ऐकवायचो. जो न सांगता गायब झाला त्याला मात्र पुढच्या वेळी हसून "या या" म्हणायचो, कारण आठ दिवसांत राग गेलेला असे. म्हणजे मी माझ्या गिऱ्हाइकांना काय शिकवले? न कळवणे बरे, हेच. आता नाही म्हणणाऱ्याला मी आधी आभार म्हणतो आणि मग दुसरी वेळ विचारतो. दोन तास आधी जरी कळले तरी ती वेळ मी विकू शकतो.

आठवणीसाठी व्हॉट्सॲपवर निरोप जातो. सकाळच्या वेळेचा आदल्या रात्री आणि दुपारनंतरचा त्याच सकाळी. हे काम दुकानात शिकणारा मुलगा करतो. पूर्वी निरोपात फक्त तारीख आणि वेळ असे. लंडनमधील बार्ट्स या सरकारी रुग्णालय-संस्थेत एक प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोग्यांना जाणाऱ्या साध्या आठवणीऐवजी, तुम्ही आला नाहीत तर संस्थेचे किती पैसे वाया जातात ते लिहिले. न येणारे ११.१ टक्के होते ते ८.४ टक्क्यांवर आले. मी पैशाचा आकडा लिहीत नाही, आपल्याकडे तो टोमणा वाटेल. मी कारागिराचे नाव लिहितो: अमुक भाईंनी उद्या दहाची वेळ तुमच्यासाठी राखली आहे, येता का? दुकानाला टांग देणे सोपे असते. रोज ज्याला सलाम करतो त्या माणसाला टांग देणे तितके सोपे नसते. उत्तर एका शब्दात येते. वयस्कर मंडळींना निरोप वाचायचा कंटाळा असतो, त्यांना मुलगा फोन करतो. काहींच्या घरी फोन सुनेकडे असतो, तर सुनेलाच सांगतो. ती विसरत नाही.

आता विद्यार्थ्यांनी थोडे गणित ऐकावे. समजा दहा जणांना वेळ दिली आणि प्रत्येक जण दहातून नऊ वेळा नक्की येणारा आहे, म्हणजे चांगलाच माणूस आहे. दहाच्या दहा जण येण्याची शक्यता किती? नऊ दशांशाचा दहावा घात करा. सुमारे पस्तीस टक्के येते. म्हणजे शंभरातले पासष्ट दिवस कोणी ना कोणी चुकणारच, आणि त्यात कोणाचीही नियत वाईट नाही. मला हे एका मास्तरांनी खुर्चीवर बसल्या-बसल्या करून दाखवले, तेव्हा माझा अर्धा राग गेला. पुढे मी विचारले, "मग अकरा जणांना वेळ देऊ का? विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे देतात म्हणे." मास्तर म्हणाले, "देऊन पाहा. अकराही येण्याची शक्यता एकतीस टक्के आहे." म्हणजे दहातून तीन दिवस एका खुर्चीसाठी दोन माणसे उभी. विमान कंपनीला प्रवासी ओळखत नाही. मला सारे गाव ओळखते. तो मार्ग मी सोडला.

आणि बाकडे माडीवरून खाली आणले. हाच माझा सर्वांत मोठा उपाय, बाकीचे त्यामानाने किरकोळ. तीन खुर्च्यांपैकी एकाच खुर्चीच्या वेळा आता वहीत जातात. दोन खुर्च्या नंबराने चालतात, वडिलांच्या वेळेसारख्या. वेळ घेतलेला माणूस दहा मिनिटांत आला नाही तर बाकड्यावरचा पहिला माणूस त्या खुर्चीवर बसतो. उशिरा आलेल्याला बोलायचे नाही, त्याला बाकड्यावर पुढचा नंबर द्यायचा. न आलेला माणूस नुकसान केव्हा करतो? त्याच्या जागी बसायला दुसरा नसतो तेव्हा. मी दोन वर्षे न येणाऱ्याच्या मागे लागलो होतो आणि जो दारात उभा होता त्याला परत पाठवीत होतो. माझ्या कारागिराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

मंगळवार-बुधवारी बाकडेही रिकामे असते. त्यासाठी शेजारच्या दुकानदारांची यादी आहे. शिंपी, चष्मेवाला, औषधांच्या दुकानातली पोरे, पतपेढीतले दोन कारकून. हे सर्व पाच मिनिटांच्या अंतरावरचे. खुर्ची रिकामी पडली की मुलगा त्यांना मिस्ड कॉल देतो. ज्याला वेळ असेल तो गल्ल्यावर दुसऱ्याला बसवून येतो. त्यांनाही सोयीचे, कारण त्यांना रविवारच्या गर्दीत यायचे नसते.

माझा भाचा संगणकाचा डिप्लोमा करतो. तो हसून म्हणाला, "मामू, आमच्या पुस्तकात तुमचे दुकान आहे." डायक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाच्या नावावर एक कोडे सांगतात, झोपलेल्या न्हाव्याचे. गिऱ्हाईक नसले की न्हावी खुर्चीवर झोपतो, आलेल्या गिऱ्हाइकाने त्याला उठवायचे, बाकडे भरले असेल तर निघून जायचे. यात दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकून कसे पडतात आणि ते कसे टाळायचे, हे संगणकाला शिकवतात. मी त्याला म्हटले, तुमच्या न्हाव्याला वेळ घेतलेली गिऱ्हाइके नसावीत, म्हणून त्याला झोप येते.

काही दिवस असे असतात की वही मिटूनच ठेवावी लागते. चांदरातीचे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. एकोणतीस रोजे होणार की तीस, हे मगरिबनंतर कळणार. पहिल्या वर्षी मी हुशारी करून चांदरातीच्या वेळा दिल्या. चांद दिसला नाही. त्या रात्री कोणी आले नाही आणि दुसऱ्या रात्री दोन रात्रींचे लोक एकदम आले, प्रत्येक जण म्हणतो माझी नऊची वेळ होती. आता लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना सत्तावीस-अठ्ठावीस रोज्यालाच बोलावतो, आणि चांद दिसला की फक्त नंबराचे चिठोरे, पहाटेपर्यंत. बकरी ईदला उलटे. ज्यांना कुर्बानी करायची असते ते जिल्हज्जचा चांद दिसल्यापासून केस कापीत नाहीत, त्यामुळे आधीच्या दोन-तीन दिवसांत गर्दी आणि मग शांतता. श्रावणात कित्येक हिंदू गिऱ्हाइके येत नाहीत आणि गणपतीच्या आधी मुंबईचे चाकरमानी उतरले की श्वास घ्यायला सवड नसते. ज्याला दुकान काढायचे आहे त्याने दोन्ही पंचांगे भिंतीला लावावीत.

नवरदेवाच्या बाबतीत मात्र मी पैसे आधी घेतो. लग्नाच्या सकाळी कारागीर खेड्यावर जातो, नवरदेव, त्याचे भाऊ, मामा सगळ्यांचे करतो, अर्धा दिवस जातो. तेथे बयाणा घेण्याची जुनी रीत आहे आणि तो बिलातून वजा होतो, म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. दंड आणि बयाणा यांत पैशाचा फरक नाही, पण दंड घेतला की माणूस परका होतो.

कारागिरांसाठी मी एक नियम केला आहे. वहीतल्या खुर्चीची वेळ फुकट गेली आणि बाकड्यावर कोणी नव्हते, तर त्या वेळेचा कारागिराचा वाटा मी माझ्या हिश्शातून देतो. वेळ मी दिली होती, तोटाही माझा. हा नियम केल्यापासून माझे लक्ष वहीवर जास्त असते. पुण्याला गेलेल्या कारागिराला हे मी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बरे झाले चाचा." परत येतो असे म्हणाला नाही, आणि मीही विचारले नाही. तिकडे त्याच्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या आहेत.

रिक्षावाल्याच्या घरी मी गेलो होतो. त्याचे वडील अंथरुणावर होते, त्यांची दाढी करून आलो. पन्नास रुपयांचा विषय दोघांनीही काढला नाही. आता तो वेळ घेत नाही. रिक्षा दुकानासमोर लावतो, बाकड्यावर बसतो आणि भाडे आले की उठून जातो. नंबर त्याचा राहतो, मागचे लोक कुरकुर करतात, मी ऐकतो.

अजूनही रविवारी एखादी फुली पडते. वही मी बरोबर आणली आहे. ज्या विद्यार्थ्यांना रकाने कसे आखले ते पाहायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर या टेबलाशी यावे. गिऱ्हाइकांच्या नावांवर मी कागद चिकटवला आहे, तो मात्र कोणी उचलू नये.